बिबा उतला तेव्हा

परवा फडताळ आवरताना आईच्या जुन्या डब्यात सात-आठ बिबे सापडले, काळे, गुळगुळीत, बदामाच्या आकाराचे, एका बाजूला देठाची टोपी असलेले. हात पुढे गेला आणि आपोआप मागे आला. आजीने लहानपणी असा काही धाक घातलाय की चाळिशी उलटली तरी बिबा दिसला की आधी खोबरेलची बाटली कुठे आहे ते बघते. मग तिथेच बसून डोक्यात आलं की बिब्यावर एकदा नीट लिहायचंच, कारण गेल्या काही वर्षात व्हॉट्सॲपवर आणि व्हिडिओत बिब्याचे जे उपाय फिरताहेत ते वाचून खरंच काळजी वाटते. आणि दुसरं म्हणजे हे झाड मला मनापासून आवडतं.

आमचं गाव वऱ्हाडात. शेताच्या वरच्या अंगाला, जिथे जमीन मुरमाड होत जाते आणि सागाचं रान सुरू होतं, तिथे बांधावर एक बिबा आहे. मोठमोठी पानं, वरच्या टोकाकडे रुंद आणि देठाकडे निमुळती, पालथी केली की फिकट राखाडी दिसतात. पानगळीचं झाड, त्यामुळे उन्हाळ्यात नुसता सांगाडा उभा. पावसाळ्याच्या तोंडाशी हिरवट बारीक फुलांचे तुरे येतात आणि थंडीत फळं धरतात. फळाची गंमत अशी की खाली काळी बी लटकलेली आणि तिच्यावर नारिंगी रंगाचं मांसल बोंड, अगदी काजूसारखं, फक्त लहान. ते बोंड पिकलेलं, भाजलेलं किंवा वाळवलेलं आम्ही खायचो, गोड लागतं, थोडं घशात धरतं. बी मात्र कोणी दाताखाली घ्यायचं नाही, झाडाची डहाळी मोडायची नाही, पावसात त्याच्याखाली थांबायचं नाही. हे नियम घरातल्या शेंबड्या पोरालाही पाठ.

काजूची आठवण येते ती उगाच नाही. बिबा, काजू, आंबा, चारोळी हे सगळे एकाच कुळातले. काजू आपल्याकडे पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला, बिबा मात्र इथलाच, आणि गंमत म्हणजे काजूचं आजचं शास्त्रीय नाव आहे ना, ॲनाकार्डियम, ते आधी बिब्याचं होतं, युरोपातले जुने वैद्य बिब्यालाच त्या नावाने ओळखायचे, नंतर ते काजूला चिकटलं आणि बिब्याकडे ते नावाच्या शेपटीला उरलं, सेमेकार्पस ॲनाकार्डियम. सेमेकार्पस म्हणजे खूण करणारं फळ. धोबी कपड्यावर खूण करायचा ती ह्याच बिब्याच्या तेलाने, सुईने टोचून तेल काढायचं, कापडावर ठिपका द्यायचा आणि वर चुना लावायचा, की तो डाग कापड फाटेपर्यंत जात नाही.

आता औषधाकडे येते. आजीच्या टाचांना भेगा पडायच्या, बोट जाईल एवढ्या. ती रात्री चुलीपुढे बसायची, दाभणात बिबा खोचायचा आणि निखाऱ्यावर धरायचा, थोड्या वेळात तो चुरचुरायला लागायचा आणि टोकाशी काळं चकचकीत तेल जमायचं. तो थेंब ती बरोब्बर भेगेत सोडायची, आजूबाजूच्या कातडीला लागू द्यायची नाही, आधीच तिने भोवती खोबरेल चोळलेलं असायचं. चटका बसला की दात आवळून "स्स" करायची आणि वर थोडी राख दाबायची. शेतात काटा मोडला तरी हेच, भाताच्या पट्ट्यात पायाला चिखल्या होतात त्यावरही हेच करतात. मला खोकला झाला की असाच एखादा थेंब गरम दुधात पाडून, ढवळून, ते दूध ती मला प्यायला द्यायची, पण त्याआधी ओठांना, जिभेला, पार टाळूला तूप फासायची. आणि हे फक्त थंडीत. उन्हाळ्यात कितीही खोकला झाला तरी बिबा बाहेर निघायचा नाही. बाळंतिणीच्या लाडवात गोडंबी असायचीच, गोडंबी म्हणजे बिब्याच्या आतला पांढरा गर, त्यात ते जाळणारं तेल नसतं, ते सगळं टरफलात असतं.

हे सगळं नुसतं आजीबाईचं नव्हतं, हे नंतर आयुर्वेदाचं थोडं वाचल्यावर कळलं. चरकसंहितेत चिकित्सास्थानाच्या पहिल्याच अध्यायात, रसायन प्रकरणात, भल्लातकाचे प्रयोग दिलेत. बिब्याला संस्कृतात भल्लातक, किंवा अग्निक, म्हणजे आगीसारखा. तिथे म्हटलंय की कफाचा असा कोणताही रोग नाही की जो भल्लातक घालवत नाही. पण त्याच्याच जवळ हेही सांगितलंय की हा विस्तवासारखा तीक्ष्ण आहे, विधीप्रमाणे वापरला तर अमृतासारखा. दहापासून सुरुवात करून रोज वाढवत तीसपर्यंत जायचं आणि परत उतरायचं असा क्रम, तोंडाला आतून तूप लावून मग काढा घ्यायचा. आजीच्या तुपाचा उगम मला तिथे सापडला तेव्हा अंगावर काटा आला होता, कारण तिला लिहिता-वाचता येत नव्हतं.

बिबा कच्चा वापरायचाच नाही, त्याची आधी शुद्धी करायची, हे आयुर्वेदात पक्कं सांगितलेलं आहे. पाण्यात टाकून जे बुडतात तेवढेच घ्यायचे. टोपी कापायची, गोमूत्रात सात दिवस, गाईच्या दुधात सात दिवस, मग विटेच्या भुकटीत घालून पोत्यात चोळायचे, वीट तेल शोषून घेते, नंतर गरम पाण्याने धुवायचे. जामनगरच्या आयुर्वेद विद्यापीठात ह्या शोधनाच्या आधीचे आणि नंतरचे बिबे रसायनशाळेत तपासले गेलेत, आणि शोधनाने आतली रसायनं खरोखर बदलतात असं दिसलंय. म्हणजे विटेच्या भुकटीमागे बुद्धी आहे. शिवाय सरकारी कायद्यात, औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं नियमांच्या ई-१ परिशिष्टात, आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांची यादी आहे त्यात भल्लातक आहे, अशा औषधाच्या बाटलीवर सावधगिरीची सूचना छापावी लागते. संजीवनी वटी बऱ्याच घरात असते, तिच्यात भल्लातक असतो, बचनाग ही विषारी मुळीही असते, हे किती जणांना माहीत असेल? डबीवरचं बारीक अक्षर एकदा वाचा.

आता मूळ प्रसंग. माझ्या मावसबहिणीचे मिस्टर, गुडघेदुखीने हैराण, आणि त्यांना कोणीतरी व्हिडिओ पाठवला, "बिब्याचं तेल लावा, सात दिवसात गुडघे मोकळे". त्यांनी बाजारातून कच्चे बिबे आणले, ठेचले, तिळाच्या तेलात उकळले आणि दोन्ही गुडघ्यांना रात्री चोळून वरून फडकं बांधून झोपले. पहिल्या दिवशी काही नाही, थोडी आग. दुसऱ्या दिवशी खाज. तिसऱ्या दिवशी सकाळी मला फोटो आला, आणि तो फोटो मी आजही विसरू शकत नाही, गुडघ्यापासून अर्ध्या पोटरीपर्यंत लालभडक कातडी, त्यावर पाण्याने भरलेले फोड, एकमेकांना चिकटलेले, आणि जिथे हात लागला तिथे तिथे, मानेवर, पापणीवर, सुद्धा. आमच्याकडे ह्याला म्हणतात बिबा उतला. ताईने घाबरून विचारलं, फोडातलं पाणी लागून पसरतंय का? मी म्हटलं आधी स्किनच्या डॉक्टरकडे जा, आणि जाण्याआधी ते फडकं, चादर, नखं, सगळं साबणाने धू. डॉक्टरांनी स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या, मलम दिलं, बरं व्हायला तीन आठवडे लागले आणि काळे डाग चार-पाच महिने राहिले. गुडघे जसेच्या तसे.

हे का होतं ते मला तेव्हा नीट समजून घ्यायचं होतं म्हणून मी हातात लागेल ते वाचत सुटले. बिब्याच्या तेलात जे मुख्य रसायन आहे त्याला भिलावनॉल म्हणतात, भिलावा ह्या हिंदी नावावरून. १९३१ साली पिल्ले आणि सलीमुझ्झमान सिद्दीकी ह्यांनी बिब्याचं रासायनिक परीक्षण छापलं, ते नाव तिथलं. रेणूचं एक डोकं असतं आणि त्याला पंधरा कार्बनची लांब शेपटी. शेपटी तेलकट, त्यामुळे कातडीत सरळ आत शिरते. डोकं ऑक्सिजनने बदलतं आणि मग आपल्या कातडीतल्या प्रथिनांना घट्ट चिकटून बसतं, इतकं की शरीराला स्वतःचीच कातडी परकी वाटायला लागते आणि आपल्याच पांढऱ्या पेशी तिच्यावर तुटून पडतात. ह्या पेशी जमा व्हायला वेळ लागतो, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भडका उडतो. आणि कच्चं तेल जास्त लागलं तर ॲलर्जी नसतानाही थेट भाजतंच. फोडातल्या पाण्याने ते पसरत नाही, पसरतं ते नखात, टॉवेलवर, दाराच्या कडीवर राहिलेल्या तेलाने. हे जरूर लक्षात ठेवा. लागलं की लगेच, मिनिटं मोजून, भरपूर साबण-पाण्याने धुवायचं. आजी हाताला आधीच खोबरेल लावायची ते योग्य होतं, तेलाचा थर मध्ये येतो, पण एकदा बिबा लागल्यावर नुसतं खोबरेल चोळत बसलं तर तो आणखी पसरण्याचीच भीती, धुणं आधी.

ह्याच घराण्याची रसायनं काजूच्या टरफलात आहेत, कोकणात काजू सोलणाऱ्या बायकांची बोटं बघा. आंब्याचा चीक तोंडाला लागून ओठ फुटतात तेही ह्याच नात्यातलं. सह्याद्रीत फिरणाऱ्यांनी रानबिब्याचं झाड ओळखायला शिकावं, त्याचा चीक लागला की असंच होतं. जपानी लोक लाकडावर जो लाखेसारखा रोगण चढवतात, उरुशी, तो ह्याच प्रकारचा, त्यावरून त्यातल्या रसायनाला उरुशिऑल नाव पडलं. आणि अमेरिकेतली पॉयझन आयव्ही ही वेलही त्यातलीच. माझा भाचा न्यू जर्सीत असतो, मित्रांबरोबर जंगलात गेला आणि पायावर फोड घेऊन आला, व्हिडिओ कॉलवर माझ्या आईला पाय दाखवला तर आई ताडकन म्हणाली, "अरे बाप्पा, हा तर बिबा उतला!" तो म्हणे इथे बिबा कुठून आला आजी. पण तिचं निदान अगदी बरोबर होतं, रसायन तेच. आपल्याकडून तिकडे गेलेल्यांनी ही वेल जपून ओळखावी.

ह्यावरची एक हकीकत मला फार आवडते. दुसऱ्या महायुद्धात भारतात तैनात असलेल्या अमेरिकन सैनिकांना मानेच्या मागे, कमरेवर, पायांवर ठराविक जागी चट्टे उठायला लागले. डॉक्टर चक्रावले. शेवटी लक्षात आलं की चट्टे बरोब्बर तिथेच आहेत जिथे धोब्याने कॉलरवर, चड्डीवर, मोज्यावर बिब्याची खूण केलीय. १९४३ साली ह्यावर लेख छापला गेला आणि त्या आजाराचं नावच धोबी मार्क डर्माटायटिस पडलं. कपडा धुवून वाळून इस्त्री होऊन आला तरी तो ठिपका जागाच होता. आता सांगा, असं तेल माणूस गुडघ्याला चोळून फडकं बांधतो.

मग ह्याचा उपयोग काही आहे का नाही? मला वाटतं इथे नीट बोलायला हवं, कारण एक बाजू म्हणते सगळं थोतांड, दुसरी म्हणते कॅन्सर बरा होतो. संशोधन झालेलं आहे, आणि बरंचसं आपल्याच देशात. १९८० च्या सुमारास बिब्याच्या अर्काचा रक्ताच्या कॅन्सरवर काय परिणाम होतो ते उंदरांवर तपासलं गेलं, एका प्रकारात फरक दिसला. नव्वदच्या दशकात मद्रास विद्यापीठात दुधात काढलेला बिब्याचा अर्क घेऊन खूप काम झालं. अफ्लाटॉक्सिन, म्हणजे शेंगदाण्यावर वाढणाऱ्या बुरशीचं विष, ते देऊन मोठ्या उंदरांच्या यकृतात कॅन्सर घडवला, आणि अर्क दिल्यावर कॅन्सरच्या खुणा कमी झाल्या. तसंच उंदरांमध्ये सांधे सुजवून अर्क दिला तर सूज उतरली. हे सगळं खरं आहे, आणि त्यात दुधातला अर्क वापरलाय, कच्चं तेल नाही, हेही महत्त्वाचं.

पण उंदीर म्हणजे तुमचे काका नाहीत. आणि काचेच्या बशीत कॅन्सरच्या पेशी मेल्या ह्याचं मला तरी फार कौतुक वाटत नाही, कारण जे रसायन प्रथिनांना असं डसतं ते पेशी मारणारच, बशीत फिनाईल टाकलं तरी पेशी मरतील. प्रश्न असा आहे की ते निरोगी पेशींना सोडून रोगट पेशीच मारतं का, किती डोसला, आणि मूत्रपिंड-यकृताची काय किंमत देऊन. ते माणसांवरच्या मोठ्या, नीट आखलेल्या चाचण्यांमधूनच कळतं, आणि बिब्याच्या बाबतीत तोच पुरावा तोकडा आहे. उलट अपायाचा पुरावा माणसांवरचा आहे आणि ठोस आहे. १९७९ साली वेल्लोरच्या डॉक्टरांनी बिब्याचा चीक लागल्यानंतर मूत्रपिंडाचा बाहेरचा थर मरून गेल्याची केस छापली. त्वचेच्या केसेस तर कितीतरी. न्यायवैद्यकाच्या पुस्तकात वेगळाच धडा मिळतो, मारहाणीची खोटी तक्रार करायला लोक बिब्याच्या तेलाने अंगावर काळेनिळे वण उठवतात, आणि डॉक्टर ते ओळखतात कसे, तर खऱ्या मुक्या माराला खाज येत नाही, फोड येत नाहीत, आणि हे वण नेमके स्वतःचा हात पोचेल तिथेच असतात.

जुन्या अरबी वैद्यकातही बिबा होता, बलादुर नावाने, स्मरणशक्ती वाढवायला घ्यायचे. नवव्या शतकातला इतिहासकार अल-बलादुरी, त्याचं हे नाव त्यावरूनच पडलं म्हणतात, बलादुर जास्त घेतल्याने डोकं फिरून माणूस गेला अशी कथा आहे, कोणी म्हणतं तो स्वतः, कोणी म्हणतं त्याचा आजोबा. म्हणजे हजार वर्षांपूर्वी बगदादमध्येही ह्याच्या डोसची भीती लोकांना होती. इकडे गोव्यात गार्सिया द ऑर्ता ह्या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली इथल्या औषधी वनस्पतींवर पुस्तक छापलं त्यातही बिब्याला जागा आहे. इतक्या लोकांनी इतकी शतकं हाताळलेलं फळ, आणि प्रत्येकाने हाताळताना कुठेतरी "जपून" म्हणून ठेवलंय. व्हिडिओतून नेमका तेवढाच शब्द गाळलेला असतो, ह्याचा मला राग येतो. आजीचा उपाय उचलला, आजीचं तूप, तिचं थंडीचं पथ्य आणि एका थेंबाचं माप मागेच राहिलं.

माझं मत विचाराल तर: टाचेच्या भेगेला आता व्हॅसलिन आणि चांगली चप्पल पुरते. खोकल्याच्या पोराला बिब्याचं दूध मी स्वतः देणार नाही, आजीच्या हातून प्यायले असले तरी. गरोदर बाई, लहान मूल, किडनीचा त्रास, पित्ताची प्रकृती, ह्यांनी तर लांबच राहावं. आणि ज्याला खरोखर आयुर्वेदातून भल्लातक घ्यायचाय त्याने शिकलेल्या वैद्याकडे जावं, त्यांनी शोधन केलेलं औषध त्यांच्याच नजरेखाली घ्यावं, किडनी-लिव्हरचे रिपोर्ट मध्ये मध्ये बघावेत आणि स्वतःच्या डॉक्टरला सांगून ठेवावं. ते वैद्यही कच्चा बिबा ठेचून चोळा असं सांगणार नाहीत.

गोडंबी मात्र जरूर खा. पण ती येते कशी तेही सांगते, कारण हे मी जवळून बघितलंय. आमच्या गावाजवळच्या वाडीत बायका बिबे फोडायला बसायच्या. पुढ्यात राखेचा ढीग, एक सपाट दगड, एक हातातला दगड. राखेत बिबा घोळायचा, उभा धरायचा आणि एकच नेमका घाव, जोरात पडला तर गर चुरा होतो आणि भाव पडतो, हलका पडला तर टरफल फुटत नाही आणि तेल उडतं. त्या घावाबरोबर थोडं तेल उडतंच. त्यातल्या एका काकूंचे हात मी हातात घेतले होते, बोटांची पेरं काळी, तळव्याची साल पापुद्र्यासारखी सुटलेली, मनगटावर जुने पांढरे डाग. गालावरही एक डाग होता, हाताने घाम पुसला त्याचा. मी म्हटलं हातमोजे का नाही घालत, तर म्हणाल्या, "मोजे घालून घाव कसा समजन, माय? बोटालेच समजते ना." मग त्यांनी माझ्या ओंजळीत मूठभर गोडंबी टाकली, पांढरीशुभ्र, आणि मला घरी जाऊन आधी हात धुवायला सांगितलं, साबणाने, दोनदा.

डिंकाच्या लाडवात टाकली होती आईने ती. बांधावरचा बिबा अजून आहे, रस्ता रुंद करताना बाजूचे दोन पळस गेले पण ह्याला कोणी कुऱ्हाड लावायला तयार होईना, चीक उडेल म्हणून. ह्या थंडीत गेले तेव्हा खाली नारिंगी बोंडं पडली होती, मुंग्या लागलेल्या. मी डब्यातले ते सात-आठ बिबे परत डब्यातच ठेवलेत, वर चिठ्ठी चिकटवून, मोठ्या अक्षरात, घरातल्या मुलांना वाचता येईल अशी.